आपल्या गावचा जलाशय 'संवर्धन राखीव' व्हावा म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्यात धरणाच्या फुगवट्यावर बदकं उतरली, त्यांचे फोटो गावच्या ग्रुपवर फिरू लागले, की कुणीतरी म्हणतंच, "याचं अभयारण्य करायला पाहिजे." आणि लगेच दुसरा विचारतो, "म्हणजे आमचं पाणी बंद होणार का?" पहिल्याची कळकळ खरी असते आणि दुसऱ्याची भीतीही. ग्रामसभेत, तलावाच्या काठावर आणि फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातले जलाशय आणि आज लागू असलेले कायदे धरून दिली आहेत.

जलाशयाला संरक्षण द्यायचं म्हणजे अभयारण्यच करायचं का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात आधी दूर व्हायला हवा, कारण बरेच चांगले प्रस्ताव याच एका शब्दावर अडून बसतात.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये सुरुवातीला राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य हेच मुख्य पर्याय होते. २००२ च्या दुरुस्तीने त्यात दोन प्रकार वाढले. शासनाच्या मालकीच्या जागेसाठी 'संवर्धन राखीव', म्हणजे कलम ३६ अ. खासगी किंवा सामुदायिक जमिनीवर तिथले लोक स्वतःहून पुढे आले तर 'समुदाय राखीव', म्हणजे कलम ३६ क. याशिवाय जैविक विविधता अधिनियम २००२ च्या कलम ३७ खाली 'जैवविविधता वारसा स्थळ' जाहीर करता येतं. आंबोलीतल्या हिरण्यकेशीच्या उगमाला २०२१ मध्ये हा दर्जा मिळाला, आणि तोही एका छोट्याशा माशामुळे.

गावाजवळच्या धरणासाठी किंवा तलावासाठी माझं मत स्पष्ट आहे: आधी संवर्धन राखीवचा विचार करा. अभयारण्याच्या प्रक्रियेत जिल्हाधिकारी त्या क्षेत्रातल्या प्रत्येक हक्काची चौकशी करतात, आणि नंतरचे निर्बंधही कडक असतात. जिथे रोज शेकडो लोक पाणी, मासे आणि चाऱ्यासाठी काठावर येतात, तिथे ते लोकांनाही झेपत नाही आणि वन विभागालाही. महाराष्ट्रातलं पहिलं संवर्धन राखीव २००८ मध्ये नाशिकजवळच्या बोरगडला झालं. तो डोंगर आहे. पण साताऱ्यात खटाव तालुक्यात मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी अशा तलावांचं मिळून २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव झालं, आणि आपल्याला जवळचं उदाहरण ते आहे.

धरण तर माणसानं बांधलेलं. त्यात निसर्ग कुठून आला?

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा बांधला गेला. हेतू निव्वळ सिंचनाचा होता. पुढे बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. अभियंत्याच्या नजरेला जो तोटा होता, त्यावरच चक्रवाक, तलवार बदक, जांभळी पाणकोंबडी आणि चित्रबलाक पोसले गेले. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

पैठणचा नाथसागर हा जायकवाडी धरणाचा जलाशय. धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं आणि दहा वर्षांत तिथे पक्षी अभयारण्य जाहीर झालं. विदर्भात गोंदियाचा नवेगाव बांध कोहळी समाजाच्या पूर्वजांनी शेतीसाठी बांधला, आणि आज तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. कर्नाटकात गदग जिल्ह्यातला मागडीचा तलावही माणसानंच बांधलेला. तिथे दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) उतरतात. तो आधी संवर्धन राखीव झाला आणि २०२४ मध्ये रामसर यादीत गेला. त्याच यादीत त्याच वर्षी आलेला अंकसमुद्र हाही मुळात गावचा सिंचन तलाव.

पाणी किती खोल आहे, काठ किती उतरता आहे आणि पाणी कधी ओसरतं, एवढंच पक्षी बघतो.

"सिंचन तलाव पाणथळ नियमांत बसत नाहीत" असं कार्यालयात सांगतात. खरं आहे का?

खरं आहे, पण अर्धं. पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियम २०१७ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलसाठे आणि सिंचन, मत्स्यशेती, मिठागर, मनोरंजन यांसाठी बांधलेल्या रचना व्याख्येतून वगळल्या आहेत. महाराष्ट्रातले बहुतेक जलाशय तिथेच बाहेर पडतात. हे वगळणं मला चुकीचं वाटतं, कारण या राज्यात स्थलांतरित पाणपक्ष्यांना आधार आहे तो मुख्यतः धरणांचा आणि तलावांचाच.

पण वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३६ अ मध्ये अशी अट नाही. जागा शासनाच्या मालकीची हवी आणि स्थानिकांशी विचारविनिमय झालेला हवा. त्यामुळे 'नियमात बसत नाही' हे उत्तर मिळालं तर कोणता नियम, हे विचारा आणि प्रस्ताव कलम ३६ अ खाली आहे असं लेखी द्या.

शेतीचं आणि पिण्याचं पाणी बंद होईल का?

नाही. मुंबईचा विहार तलाव १८६० चा आणि तुळशी १८७९ चा. दोन्ही आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत, आणि दोन्हींतून मुंबईला पाणी जातं. तानसा तलावाभोवती अभयारण्य आहे, तोही मुंबईला पाणी देतो. जायकवाडी अभयारण्य होऊन इतकी वर्षं झाली, तरी कालव्यांची आवर्तनं सुटतात आणि छत्रपती संभाजीनगरला पिण्याचं पाणीही तिथूनच येतं.

ही तर कडक दर्जाची उदाहरणं झाली. संवर्धन राखीवला त्याहून कमी कलमं लागू होतात. अभयारण्यात पाण्याचा प्रवाह वळवण्यावर बंधन घालणारं कलम २९ संवर्धन राखीवला लावलेलं नाही. लागू होतात ती अशी: वन्यप्राण्यांना त्रास द्यायचा नाही, कचरा टाकायचा नाही, हद्दीच्या खुणा उखडायच्या नाहीत, आग लावायची नाही, विषारी रसायनं किंवा स्फोटकं वापरायची नाहीत, आणि परिसरात घडणारे गुन्हे रोखायला मदत करायची. कलम ३३ मधल्या दोन खंडांखाली वन विभागाला वन्यजीवांच्या सुरक्षिततेसाठी आणि अधिवास सुधारण्यासाठी पावलं उचलता येतात. धरणाचे दरवाजे, कालवे, पाणीवाटप हे सगळं जलसंपदा विभागाकडेच राहतं.

आमच्या जमिनी अडकतील. माळढोकचं काय झालं ते आम्ही बघितलंय.

ही भीती उगाच नाही. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर भागात जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्याची हद्द सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होती. त्यात गावंच्या गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. लोकांना वर्षानुवर्षं परवानग्यांसाठी खेटे घालावे लागले. शेवटी ते क्षेत्र सुमारे १,२२३ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. एवढ्या मोठ्या हद्दीनं माळढोक वाचला नाही, आणि लोकांच्या मनात त्या पक्ष्याविषयी राग मात्र साठला.

संवर्धन राखीव खासगी जमिनीवर होतच नाही. म्हणून हद्द आखताना धरणासाठी संपादित झालेली जमीन कुठे संपते, ती रेषा नकाशावर आणि प्रत्यक्ष बांधावर दोन्हीकडे दाखवा. प्रत्येक गट क्रमांक वाचून दाखवा. सातबारा घेऊन आलेल्या माणसाला "तुमचा गट यात नाही" हे त्याच्यासमोर सांगता आलं पाहिजे. एखाद्या शेतकऱ्याला आपला बांधालगतचा तुकडा मनापासून द्यायचाच असेल, तर त्यासाठी समुदाय राखीवचा मार्ग आहे. पण ते पूर्ण त्याच्या मर्जीवर. एकदा अधिसूचना निघाली की जमिनीचा वापर व्यवस्थापन समितीच्या ठरावाशिवाय आणि शासनाच्या मान्यतेशिवाय बदलता येत नाही, हे त्याला आधी नीट सांगा. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातलं केशोपूर हे पाणथळ पंचायतींच्या जमिनीवर असं समुदाय राखीव झालेलं आहे.

मासेमारी बंद होणार का?

बंद करायची गरज नाही, आणि कुणी तसं सुचवलं तर मी विरोध करेन. जलाशयावर मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका असतो. रोज पहाटे पाण्यावर असणारी, कुठे काय मेलं, कुणी विष टाकलं हे सगळ्यात आधी ओळखणारी माणसं तीच. त्यांना बाहेर ठेवून राखण करणार कोण?

बदल हवा तो पद्धतीत. उजनीच्या काठावर ज्याला वडाप म्हणतात, त्या बारीक आसाच्या जाळ्यानं बोटभर पिल्लंसुद्धा उपसली जातात. त्यात मच्छीमाराचाच पुढच्या हंगामाचा मासा जातो. फाटलेली नायलॉनची जाळी पाण्यात सोडून दिली की तिच्यात वारकरी आणि टिबुकली हे पाणपक्षी बुडी मारताना अडकतात आणि गुदमरून मरतात. जुनी जाळी काठावर एका ठिकाणी जमा करायची, एवढा साधा ठराव संस्थेनं केला तरी फरक पडतो. बीज सोडताना कोणता मासा सोडायचा हेही ठरवून घ्या. उजनीत आज चिलापी इतकी झाली आहे की जुने देशी मासे जाळ्यात कमी येतात. आफ्रिकन मागूर तर बंदी असलेलाच मासा आहे.

भिगवण आणि कुंभारगावला हेच मच्छीमार हिवाळ्यात होडीतून पर्यटकांना रोहित (फ्लेमिंगो) दाखवतात. उजनीला अभयारण्याचा दर्जा नाही. तिथे पक्ष्यांना जो काही आधार आहे, तो बऱ्याच अंशी या लोकांमुळे.

गाळपेर जमिनीचं काय?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पक्षी आणि माणूस यांची खरी गाठ इथेच पडते.

पाणी ओसरलं की बुडीत क्षेत्रातली काळी, ओली जमीन उघडी पडते. ती एका हंगामापुरती भाडेपट्ट्यानं दिली जाते, बहुतेकदा धरणग्रस्तांना. ज्यांचं घर आणि शेत याच पाण्याखाली गेलं, त्यांच्यासाठी हा हरभऱ्याचा किंवा ज्वारीचा तुकडा म्हणजे राहिलेला हक्क आहे. तो काढून घेऊन पक्षी वाचवण्याचा प्रस्ताव न्याय्य नाही आणि टिकतही नाही.

पण तीच ओली पट्टी चिखल्यांची, टिटव्यांची आणि बदकांची जेवणाची जागा असते. तलवार बदक पाण्यात डोकं खाली करून तळ चाळतं, त्याला कमरेइतकं पाणीसुद्धा खोल पडतं. चिखल्यांना तर घोटाभर पाणी पुरतं. पाणी जसं मागे सरतं, तसे शेतकरी मोटारी आणि पाईप पुढे सरकवतात, आणि नांगर थेट पाण्याच्या कडेला येतो. मग पक्ष्याला उभं राहायला जागाच उरत नाही.

मार्ग निघतो. पाण्याच्या कडेपासून काही पावलांची पट्टी न नांगरता सोडायची आणि ती पाण्याबरोबर मागे सरकत जाईल असं ठरवायचं. उथळ, पसरट अशा एखाद-दोन खाडीसारख्या जागा पूर्ण राखायच्या आणि तिथले गट दुसरीकडे द्यायचे. गाळपेर पिकावर जहाल कीटकनाशक मारायचं नाही, कारण पुढच्या पावसात ते सगळं पिण्याच्या पाण्यात उतरतं. शेवटचा मुद्दा गावाला लगेच पटतो.

'गाळमुक्त धरण' योजनेतून गाळ काढायचा असेल तर?

जरूर काढा, तलाव जिवंत राहायला हवा. प्रश्न कुठून आणि कधी काढायचा, एवढाच.

गाळ निघतो उन्हाळ्यात, आणि नदी सुरय, आर्ली, छोटा आर्ली या पक्ष्यांची वीणही उन्हाळ्यातच असते. नदी सुरयाचं घरटं बघितलं तर घरटं वाटतच नाही: उघड्या बेटावर मातीत खरवडलेला खळगा, त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी, आजूबाजूच्या खड्यांसारखीच. भर उन्हात नर-मादी आळीपाळीनं पाण्यात पोट भिजवून येतात आणि अंड्यांवर बसून त्यांना थंड ठेवतात. जेसीबीच्या चालकाला ती दिसणं शक्य नाही. बेटाला जोडणारा गाळाचा रस्ता केला की कुत्री पोहोचतात, आणि एका रात्रीत सगळी वसाहत जाते.

म्हणून मशीन लागण्याआधी पक्षी ओळखणाऱ्या माणसानं त्या भागाची पाहणी करावी. वसाहत असेल तिथे खांब रोवून ती जागा सोडावी आणि दुसऱ्या टोकाकडून काम सुरू करावं. सगळे काठ सरळ, खोल, एकसारखे कापू नयेत. उतरता काठ राहिला पाहिजे.

प्रस्ताव कुणी आणि कसा पाठवायचा?

आधी मालकी तपासा. मोठी धरणं जलसंपदा विभागाकडे असतात. लहान तलाव मृद व जलसंधारण विभागाकडे किंवा जिल्हा परिषदेकडे, आणि काही ग्रामपंचायतीकडे. मालक विभागाच्या सहमतीशिवाय फाइल पुढे जात नाही, म्हणून पहिली भेट तिथे घ्या. त्यानंतर काठावरच्या प्रत्येक गावाचा ग्रामसभेचा ठराव. एका गावानं केला आणि समोरच्या काठानं केला नाही, तर प्रस्ताव तिथेच लंगडा होतो.

ठराव, नकाशा, गट क्रमांक, प्रजातींची यादी आणि काही वर्षांच्या नोंदी घेऊन अर्ज वनपरिक्षेत्र अधिकारी आणि उपवनसंरक्षक यांच्याकडे द्यायचा. जिल्ह्याचे मानद वन्यजीव रक्षक असतील तर त्यांना सुरुवातीपासून सोबत घ्या. पुढे तो नागपूरला प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडे, तिथून मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य वन्यजीव मंडळासमोर, आणि मान्य झाला की राजपत्रात अधिसूचना. प्रत्येक टप्प्याची पोच घ्या. अधिकारी बदलतात, कागद मागे राहतो.

नोंदी म्हणजे काय काय लागतं?

सुंदर फोटो फार कामाचे नाहीत. तारीख, जागा, प्रजाती आणि संख्या कामाची. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत आपला जलाशय नोंदवा आणि दर वर्षी त्याच जागांवरून, त्याच वेळी मोजा. एका वर्षी आलेला दुर्मीळ पाहुणा बातमी होतो. सलग वर्षांत टिकून असलेली हळदीकुंकू बदकांची वीण हा पुरावा होतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही मोजा, त्या नोंदी फारच कमी असतात.

ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही कागदावर असतेच. त्या नोंदवहीत जलाशयाचं पान नीट भरून घ्या. मासे, शिंपले, पाणवनस्पती आणि काठावरची औषधी झुडपं यांची माहिती गावातल्या जाणत्यांकडेच मिळते.

राखीव झाल्यावर कारभार कोण बघतं?

कायद्याप्रमाणे व्यवस्थापन समिती असते: वन विभागाचा प्रतिनिधी सदस्य सचिव, हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या संस्थांचे तीन, आणि कृषी व पशुसंवर्धन विभागाचा प्रत्येकी एक.

यात जलसंपदा विभाग नाही, मत्स्यव्यवसाय विभाग नाही, मच्छीमारही नाही. जंगलासाठी ही रचना चालेल, जलाशयासाठी ती अपुरी आहे. पाण्याची पातळी ज्यांच्या हातात आहे तेच खोलीत नसतील तर बैठक कसली? त्यांना निमंत्रित म्हणून बोलवायचं, हा ठराव पहिल्याच बैठकीत करून घ्या.

इतके रोहित येतात, म्हणजे पाणी चांगलंच असेल ना?

तसं नसतं. रोहित सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो, आणि सांडपाण्यानं शेवाळ वाढतं. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत उतरतं, तरी तिथे रोहित येतात. पक्ष्यांच्या संख्येवरून पाण्याला प्रमाणपत्र देऊ नका, पाणी तपासून घ्या.

जलपर्णीचंही तेच. ती दरवर्षी यंत्रानं काढायची आणि वरच्या नाल्यातून मैला येऊ द्यायचा, हे न संपणारं काम आहे. संवर्धन राखीवची हद्द काठापाशी संपते, घाण मात्र पाणलोटातून येते. म्हणून प्रस्तावासोबतच वरच्या गावांच्या आणि शहराच्या सांडपाण्याचा प्रश्न प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लावून धरा.

पर्यटकांचं काय करायचं?

होड्या स्थानिकांच्याच, इंजिन बंद ठेवून, थव्यापासून लांब. ड्रोन नको. विणीच्या बेटांवर उतरायला पूर्ण बंदी, छायाचित्रकारांनाही. निरीक्षण मनोरा एखादा पुरे. सुशोभीकरणाच्या नावाखाली काठाला दगडी पिचिंग, दिवे आणि कारंजी आली तर अडवा.

सगळं करूनही घोषणा झाली नाही तर?

थांबायचं कारण नाही. शिकार तशीही सगळीकडे गुन्हाच आहे, संरक्षित अनुसूचीतल्या पक्ष्याला कायद्याचं संरक्षण मिळायला राखीव क्षेत्राची गरज नसते. वडापबंदी, जुन्या जाळ्यांचा संग्रह, गाळपेरीतली मोकळी पट्टी, विणीच्या बेटांभोवतीचे खांब, गाळ काढण्याआधीची पाहणी, यातल्या कशालाच राजपत्र लागत नाही. ग्रामसभा, मच्छीमार संस्था आणि जलसंपदाचा शाखा अभियंता यांचं एकमत पुरतं. हे ठराव लिहून ठेवा आणि दर वर्षी आवर्तनाचा कार्यक्रम ठरतो तेव्हा पुन्हा समोर ठेवा. पुढच्या वेळी प्रस्ताव पाठवताना याच ठरावांच्या प्रती त्याला जोडा.